इंजिन ब्रेक लागत नाही म्हणून बाइक नादुरुस्त ठरत नाही: ट्रॅकच्या मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

रविवारी आमच्या डर्ट बाइकच्या (मातीच्या) ट्रॅकवर तुमचा हिरमोड झाला आणि आमच्या इन्स्ट्रक्टरने तुम्हाला अरेतुरे केलं, याबद्दल मनापासून माफी मागतो. मुलगा तुमच्यापेक्षा वयाने बराच लहान आहे, त्याला समज दिली आहे.

पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, "बाइकला इंजिन ब्रेकच नाही, मेंटेनन्स शून्य, कॉर्नरला जीव जाता जाता वाचला." इंजिन ब्रेक म्हणजे थ्रॉटल सोडला की इंजिनच गाडीचा वेग मारतं ते. यावर गप्प बसणं मला शक्य नाही. हा रिव्ह्यू दाखवून एकांनी पुढच्या रविवारचं बुकिंग रद्द केलं. जमीन भाड्याची आहे, टँकरचं पाणीही विकत घेतो. आमचं घर यावरच चालतं.

सर, तुम्ही रॉयल एनफिल्ड हिमालयन चालवता, ताम्हिणी घाट तुमच्या पायाखालचा आहे, हे तुम्हीच सांगितलंत. घाटात सेकंडवर टाकून थ्रॉटल सोडला की ती गाडी धरते, कारण ती फोर-स्ट्रोक आहे. बंद थ्रॉटलसमोर तिचा पिस्टन हवा ओढायला झगडतो, तिथे वेग मरतो. तुम्हाला दिलेली 125 सीसी बाइक टू-स्ट्रोक आहे. तिच्यात हवा ओढायचा वेगळा स्ट्रोक नाही, फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत. थ्रॉटल सोडला तरी ती जवळजवळ मोकळीच पळते. नवीकोरी बाइक शोरूममधून आणलीत तरी हेच होईल.

आता अरेतुरेचं. तो "रेस दे, रेस दे!" ओरडत होता ते तुमचा अपमान करायला नव्हे. या बाइकला आरएक्स 100 सारखी वेगळी तेलाची टाकी आणि पंप नसतो. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, आम्ही लिटरला 25 मिली घालतो. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही जवळजवळ बंद. वर तुम्ही गियर पाडत गेलात, म्हणजे इंजिन जोरात फिरतंय आणि पिस्टनला तेल नाही. अशानेच इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन जाम होतो, आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. म्हणून उतारावर क्लच दाबायचा, नाहीतर मधे मधे रेस द्यायची. हेल्मेट आणि सायलेन्सरच्या आवाजात "कृपया थ्रॉटल द्या" म्हणायला वेळ नसतो, सर.

तुमच्या मित्राने काढलेली क्लिप मी पुन्हा पुन्हा पाहिली. उतारानंतरच्या डाव्या वळणावर तुम्ही फोर्थवरून सेकंडवर आलात, पण उजव्या हाताची चारही बोटं ग्रिपवर आहेत, ब्रेक लिव्हरवर एकही नाही. बाइक बर्मवरून, म्हणजे वळणाच्या कडेच्या मातीच्या बांधावरून, पलीकडे गेली ती यामुळे. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये हेच सांगितलं होतं: सरळ रेषेत, उभं राहून, दोन्ही ब्रेक लावून वेग आधीच कमी करा. गियर पाडायचा तो थांबण्यासाठी नाही, वळणातून निघताना इंजिन पॉवर बँडमध्ये, म्हणजे जिथे ते जोर देतं त्या वेगात, असावं म्हणून. मग टाकीला चिकटून पुढे बसा, आतला पाय पुढे, बाहेरच्या फूटपेगवर वजन, कोपर वर, एक बोट क्लचवर, आणि वळायला लागताच हलका थ्रॉटल. ब्रीफिंगच्या वेळी तुम्ही फोनवर होतात. हे लिहिणार नव्हतो, पण मेंटेनन्सवर बोट ठेवलंत म्हणून लिहावं लागलं.

मेकॅनिकने तुमच्यासमोर स्पार्क प्लग काढून दाखवला होता. टोक छान चॉकलेटी होतं, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिक्स्चर बरोबर. ब्रेक पॅडही दाखवले. त्याच बाइकवर दुपारची बॅच झाली, तीच वळणं, कोणाचीही तक्रार नाही. दर राइडनंतर एअर फिल्टर धुणारा तो माणूस आहे, "मेंटेनन्स शून्य" वाचून त्याला काय वाटलं असेल याचा विचार करा.

टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकच्या फरकाचा बोर्ड लावायचं बघतोय, ब्रीफिंगही थोडं वाढवू.

तुम्ही शनिवारी सकाळी या, फी घेणार नाही. मी स्वतः त्याच बाइकवर, त्याच वळणावर शिकवतो. नाही आलात तरी चालेल, एक स्टारही राहू द्या, फक्त "मेंटेनन्स शून्य" एवढे दोन शब्द काढा, ही विनंती.