डॉक्टर म्हणा नाहीतर नका म्हणू, हात कोण बघणार?

भाचीचा मेसेज आला, मावशी पणजीला एका हॉटेलात मॅन्युअल थेरपीचं, म्हणजे हाताने सांधे-मणके हलवून उपचार करण्याचं, दोन दिवसांचं वर्कशॉप आहे, सर्टिफिकेट पण देतात, करू काय? आणि त्याच्याच खाली त्या 'डॉ.'च्या भांडणाचं फॉरवर्ड. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं की फिजिओंनी नावाआधी डॉ. लावू नये, आणि लगेच ते मागेही घेतलं. आमच्या डिचोलीच्या ग्रुपवर ते अजून धुमसतंय.

मी पण फिजिओच, ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असते. इथे पेशंट मला सरळ नावाने हाक मारतात, माझं काही बिघडलेलं नाही. बिघडलं होतं ते गोव्यात, तेव्हा माझ्याकडे पण असंच दोन दिवसांचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट होतं. एक पाडेली यायचा, माडावर चढून चढून मान धरलेली. मी मोठ्या ऐटीत त्याची मान कडाक् करून मोडली, तो उठून बसला आणि म्हणाला, "बाय, घेरी येता गो." अर्ध्या तासाने बरा झाला, नशीब. पण प्रेशर आहे काय, आधी कधी चक्कर आली होती काय, एक साधा प्रश्न मी विचारला नव्हता, मानेच्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते हे पुस्तकात वाचलेलं असूनसुद्धा.

हे शहर मेटलंडचं, मॅन्युअल थेरपीतला मोठा फिजिओ. त्यांनी १९६५ साली इथेच फिजिओंसाठी मॅनिप्युलेशनचा, म्हणजे मणका हाताने हलवण्याचा, तीन महिन्यांचा कोर्स सुरू केला, हालचाल किती मोठी आणि किती खोल करायची त्याच्या ग्रेड पाडल्या. आता हे सगळं युनिव्हर्सिटीत मास्टर्सला शिकवतात, मी तेच केलं. पहिल्याच आठवड्यात मी एका बाईची मान धरली होती आणि सुपरवायझरबाईने आपला अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला, विचारलं कुठली ग्रेड? मी म्हटलं तीन. ती म्हणाली, ही चार आहे, आणि चारच का? माझी बोलती बंद. मग त्या बाईला मान वळवायला लावली, आधी किती वळत होती आणि आता किती, ते लिहून घेतलं. प्रत्येक वेळी हेच, कंटाळा येईस्तोवर.

मॅन्युअल थेरपीवाल्या फिजिओंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, इफॉम्प्टचा, नियमच आहे की अशा शिक्षणात किमान १५० तास मेंटरसमोर खरे पेशंट बघायचे. आपल्याकडे एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतली मास्टर्स, दोन वर्षांची, त्यातला केवढातरी वेळ थिसिस खातो. डॉ. लावायचं की नाही यावर एवढा गळा काढतात, त्याच्या निम्म्याने तरी कोणी या तासांसाठी काढला काय?

इथलं सगळं गोड आहे असं नाही हां, फी भरताना माझं लोन झालं आणि ते फेडताना नाकी नऊ आले, सगळ्यांनी इकडे या असं मी कोणत्या तोंडाने सांगू. आणि गोव्यातल्या ओपीडीत एका सकाळी जेवढे पेशंट हाताखालून जायचे तेवढे इथे शिकताना आठवड्यातसुद्धा मिळत नव्हते. पेशंट तिथे ढिगाने आहेत, बाजूला उभं राहून "चारच का?" विचारणारं माणूस तेवढं नाही.

भाचीला एवढंच लिहिलं, त्या वर्कशॉपवाल्यांना विचार, खरा पेशंट असतो काय आणि तुझा हात कोण बघणार. विचारते म्हणाली. मग जाहिरातच पाठवली, त्यात सर्टिफिकेटचा फोटो सगळ्यात मोठा.