गिरकी हरवते तेव्हा

"ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये टेन्शन कोणाला नसतं?" अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियो ऑलिम्पिकच्या सांघिक फायनलमधून एका व्हॉल्टनंतर (टेबलावरून घेतलेल्या उडीनंतर) बाहेर पडली, आणि तिचा विषय निघाला की हे वाक्य आलंच. म्हणून एकदा तो व्हॉल्टच बघू.

27 जुलै 2021, टोकियो, सांघिक फायनल. तिला करायचा होता अमानार: फळीवर पाठमोरं उतरून, मागे झेपावत टेबलावर हात टेकून उसळी, मग ताठ अंगानं एक मागची कोलांटी आणि त्यातच अडीच गिरक्या. हवेत वेळ जेमतेम सेकंदभर. एवढ्यात डोळ्यांनी मोजायला सवड नसते. किती फिरलो हे कानातला तोल आणि वर्षानुवर्षांची सवय सांगते. त्या दिवशी दीड गिरकीवरच अंग उघडलं. गुण 13.766. पायांवर उतरली हेच नशीब.

जिम्नॅस्ट याला 'ट्विस्टीज' म्हणतात. वर कुठे, खाली कुठे याचा पत्ताच लागत नाही. जोर लावून सुटत नाही, उलट जितकं लक्ष द्याल तितकं बिघडतं, कारण ही हालचाल विचार करून होतच नाही. पाय खाली यायच्या आत जमीन आली तर गुडघा जातो, नाहीतर मान. 1978 ची जगज्जेती एलेना मुखिना आठवा. पायाचं हाड नीट सांधलेलं नसताना सराव करायला लावला. जुलै 1980 मध्ये, मॉस्को ऑलिम्पिक तोंडावर असताना, मान मोडली. जन्मभर अंथरुणावर.

"संघाला वाऱ्यावर सोडलं" हे तर नियम न वाचता केलेलं बोलणं. फायनलला प्रत्येक साधनावर तिघी उतरतात आणि तिघींचेही गुण धरतात. एक जरी पडली तरी ते झाकायला चौथी नसते. बाइल्सच्या जागी बार्सच्या दांड्यांवर आणि बीमच्या अरुंद पट्टीवर जॉर्डन चाइल्स आली, फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीत, सुनी ली. रौप्य मिळालं.

यावर उपाय एकच, मागे जायचं. फोमच्या खड्ड्यात साधी कोलांटी, मग अर्धी गिरकी, मग एक. कधी आठवडे लागतात, कधी महिने. बाइल्सनं टोकियोजवळच्या जुंतेंदो विद्यापीठाच्या जिममध्ये प्रयत्न केला. बार्सवरून सुटून मऊ गादीवर सपशेल पाठीवर पडतानाचे व्हिडिओ तिनंच टाकले होते. टीकाकारांनी तेवढे तरी बघायचे.

3 ऑगस्टला ती फक्त बीमवर उतरली. डिसमाउंटमधली, म्हणजे शेवटी खाली उतरतानाच्या उडीतली, गिरकी काढून टाकली, नुसती दुहेरी कोलांटी ठेवली. 14.000, कांस्य.

आणि पॅरिस 2024, व्हॉल्टची फायनल. पहिल्या व्हॉल्टमध्ये दोन कोलांट्या, गिरकी एकही नाही. दुसरा चेंग, म्हणजे टेबलावर जाताना अर्धी आणि सुटल्यावर दीड गिरकी. सुवर्ण.