आपण, आम्ही आणि खालच्या मजल्यावरची हिंदी

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर दादाने एक वाक्य टाकले होते : "हिंदी सिनेमा पाहणारा मराठी माणूस स्वतःच्या भाषेच्या सरणावर लाकूड ठेवतो." वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते, कुठून तरी आलेले त्याने पुढे ढकलले होते. तरीही त्याखाली काकापासून भाच्यापर्यंत नऊ जणांनी अंगठे उमटवले होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी त्याच आठवड्यात कोणता हिंदी चित्रपट पाहिला हे मला त्याच गटावरून ठाऊक होते. त्या वाक्याचा मला जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही.

प्रसंग 2025 च्या उन्हाळ्यातला. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची झाली. ओरड झाल्यावर 17 जूनला 'सर्वसाधारणपणे' हा शब्द घालून आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असल्यास वर्गात किमान 20 विद्यार्थी हवेत अशी मेख मारून तोच निर्णय पुन्हा आला. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 5 जुलैला वरळीला ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. मधल्या काळात मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीच्या मुद्द्यावरून मारल्याची चित्रफीत इथे जर्मनीत, श्टुटगार्टला, माझ्यापर्यंत पोहोचली होती. पहिलीतल्या पोराच्या पाठीवर आदेशाने तिसरी भाषा लादणे मला तेव्हाही चुकीचे वाटले, आजही वाटते. तेवढ्यापुरती मी दादाच्या बाजूची आहे. परंतु सक्तीला विरोध करता करता गाडी हिंदी बोलणाऱ्या तोंडांवर आणि हिंदी गाण्यांवर कधी घसरली हे आमच्या गटात कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मला ते ध्यानात आले, त्याला कारण आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. वय 68, दातांच्या दवाखान्यात साहाय्यक म्हणून 40 वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या. आमची ओळख 11 वर्षांची असली तरी ती केअरवोखेची, म्हणजे जिना झाडण्याच्या आठवड्याच्या पाळीची, पाटी एकमेकींच्या दाराला अडकवण्यापुरतीच होती, आणि अर्थातच आम्ही 'झी'वर, म्हणजे जर्मनमधल्या अहोजाहोवर होतो. तीन वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण गेली आणि तिच्या घरातून एक खोके त्यांच्याकडे आले. 2004 साली आरटीएल त्स्वाय वाहिनीने 'कभी खुशी कभी गम' जर्मनमध्ये दाखवला, तेव्हा या देशात हिंदी चित्रपटांची जी लाट आली होती, तिच्यात ही बहीण पार वाहून गेली होती. खोक्यात त्या काळातल्या 40 एक डीव्हीडी होत्या. त्या लाटेला तेव्हा नाक मुरडणाऱ्या या बाईंनी आता बहिणीची आठवण म्हणून त्यांतली एक लावली.

त्यांना पहिली गोष्ट खटकली ती ही, की नायक बोलतो जर्मन आणि गातो भलत्याच भाषेत. जर्मन आवृत्तीत संवादांवर जर्मन आवाज चढवले होते, गाणी मात्र मूळ हिंदीत ठेवून खाली भाषांतर दिले होते. "गाताना हा माणूस खरा वाटतो आणि बोलताना खोटा," असे त्या मला जिन्यात म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी डीव्हीडीचा ध्वनी हिंदीवर नेऊन चित्रपट पहिल्यापासून पाहिला. हिंदी त्यांच्या घरात अशी शिरली, गाण्यांच्या फटीतून. पुढच्या शरद सत्रात त्यांनी फोक्सहोखशुलेच्या, म्हणजे इथल्या प्रौढशिक्षण केंद्राच्या, संध्याकाळच्या हिंदीच्या वर्गात नाव घातले.

त्यांची वही मी पाहिली आहे. आधी त्या फूटपट्टीने ओळभर शिरोरेषा मारून घेतात आणि मग तिला एकेक अक्षर टांगत जातात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. उलटे करायचे असते, आधी अक्षर मग रेघ, हे मी सांगितले तर म्हणाल्या की रेघ आधी असली म्हणजे अक्षरे रांगेत राहतात. श्वाबेनमधल्या, म्हणजे आमच्या या शिस्तप्रिय मुलखातल्या, बाईला याहून अधिक काय सांगणार? त्यांना 'ट' आणि 'त' यांतला फरक आजही ऐकू येत नाही, परंतु 'ख़्वाब' हा शब्द त्या माझ्यापेक्षा चांगला उच्चारतात, कारण नुक्त्याचा तो घशातला ख़ त्यांच्या 'आख'मध्ये आणि 'बाख'मध्ये जन्मापासून आहे. कोल्हापुरात आम्ही आयुष्यभर साधा 'ख' म्हणत आलो. हिंदी मी त्यांच्याआधी 40 वर्षे शिकले आणि त्यांनी मला एका अक्षरावर गाठले, हे कबूल करताना मला अजूनही थोडे जड जाते.

मी हिंदी शिकले ती बाबांकडून. बाबा माध्यमिक शाळेत हिंदी शिकवत. महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभेच्या परीक्षांसाठी ते घरी पोरे जमवत, आणि प्रबोध, प्रवीण, पंडित ही नावे आमच्या घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जात. त्या परीक्षांची सक्ती कोणावरही नव्हती, तरी खेड्यांतून पोरे सायकली मारीत येत. दादाचे अभियांत्रिकीचे शुल्क ज्या पगारातून भरले गेले तो पगार हिंदीचा होता. सरणावरच्या लाकडाचे ते वाक्य टाकताना त्याला हे आठवले नसेल असे मला वाटत नाही. आठवले असणार, आणि म्हणूनच त्याने ते इतक्या तावाने टाकले असणार. बाबा असते तर काय म्हणाले असते, असे मी गटावर विचारले. त्यावर मात्र एकही अंगठा आला नाही.

बाईंनी एकदा वर्तमानपत्रात महाराष्ट्रातल्या भाषावादाची छोटी बातमी वाचून मला विचारले, की हे चित्रपट मुंबईत होतात आणि मुंबई तर तुमची, मग हिंदी तुमचीच नाही का? आमचे श्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचे जोडशहर आहे आणि दर जुलैत इथे भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरतो, त्यामुळे मुंबईबद्दल इथल्या लोकांना आपण सगळे जाणतो असे वाटत असते. माझी भाषा मराठी, असे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले, "मग हिंदी कोणाची?" मी जे उत्तर दिले ते खरे तर दादाला द्यायचे होते. मी त्यांना 1913 साली मूकपट काढणाऱ्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांपासून सुरुवात केली. 1929 साली आमच्या कोल्हापुरात निघालेल्या 'प्रभात'विषयी सांगितले, जिने 1932 साली 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत काढला, कारण त्या मंडळींना त्यात काही बाटल्यासारखे वाटत नव्हते; दुर्गा खोटे दोन्हीकडे होत्या. लता आणि आशा ही नावे त्यांच्या खोक्यातल्या डीव्हीडींवरही होती. ज्याला आपण हिंदी सिनेमा म्हणतो त्याची भाषा मुंबईत घडली, पंजाबी, बंगाली, उर्दूवाले आणि मराठी अशा सगळ्यांनी मिळून घडवली, आणि तिच्यावर आपला हक्क सांगण्याऐवजी आपण तिला परकी म्हणून दारात उभी करतो, हे मला पटत नाही.

मग मी हुकमाचे पान टाकले. म्युनिकच्या फ्रान्झ ओस्टनला हिंदी येत नव्हती, तरी मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी त्याने 1935 ते 1939 हिंदी बोलपट दिग्दर्शित केले. 1936 चा 'अछूत कन्या' त्याचाच, आणि कॅमेऱ्यामागे होता म्युनिकचाच योझेफ विर्शिंग. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी या जर्मनांना स्थानबद्ध केले. बाईंनी रात्री शोध घेतला आणि सकाळी जिन्यात मला थांबवून सांगितले, की तुमचा तो ओस्टन 1936 मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. अस्पृश्यतेवरचा चित्रपट ज्या वर्षी केला त्याच वर्षी! परक्या भाषेच्या सहवासाने माणूस उदार होतो, या माझ्या लाडक्या सिद्धान्ताला त्यांनी दोन मिनिटांत चूड लावली आणि त्या पाव आणायला निघून गेल्या.

तुलनांच्या बाबतीत माझे नेहमीच असे होते. दादाशी भांडताना मी त्याला आमच्या राज्याचे उदाहरण दिले होते. 'आम्हांला सगळे जमते, फक्त शुद्ध जर्मन सोडून' अशी जाहिरात बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या सरकारने 1999 पासून 20 वर्षांहून अधिक काळ केली; इथे स्वतःच्या बोलीबद्दल लोक हसू शकतात, हसण्याएवढा आत्मविश्वास त्यांच्याकडे आहे, तुम्ही मात्र दुकानदारांच्या थोबाडीत मारता, असे मी लिहिले होते. लिहिताना छान वाटले होते. नंतर बाईंनीच सांगितले की त्यांच्या लहानपणी शिक्षिका वर्गात श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलणाऱ्या मुलांना उभे करीत, आणि आज त्यांच्या नातवंडांना श्वेबिश कळते पण बोलता येत नाही. हे मी दादाला कळवलेले नाही.

त्याला आणखीही एक गोष्ट कळवलेली नाही. आदेशाने भाषा येत नाही, ती ओढीने येते, असे मी गटावर ठणकावून लिहिले; परंतु मला जर्मन आली ती आदेशानेच. 2007 साली नवऱ्यामागून इथे आल्यावर मी 600 तासांचा इंटेग्रात्सिओन्सकुर्स, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचा जर्मनचा सरकारी वर्ग, केला, परीक्षा दिली, कागद मिळवला, आणि त्या कागदावरच पुढचे सगळे उभे राहिले. कर, डॉक्टर, शाळेच्या पालकसभा, वरिष्ठांशी वाद, हे सगळे मी जर्मनमध्ये करते आणि चांगले करते. पण भांडी घासताना माझ्या तोंडून आजवर एकही जर्मन गाणे आलेले नाही. बाईंना जे हिंदीबद्दल तीन वर्षांत वाटू लागले ते मला जर्मनबद्दल इतक्या वर्षांत वाटलेले नाही. त्या हिंदीच्या प्रेमात पडल्या कारण त्यांना हिंदीत कधी घरभाड्याचा करार वाचावा लागला नाही. दादाला कदाचित हिंदीत बँकेचा अर्ज वाचावा लागत असेल, फोनवरच्या माणसाकडून मराठीत उत्तर मिळत नसेल. इतक्या दुरून प्रेम करणे सोपे असते, हे मला समजते. समजूनही त्या वाक्याचा राग जात नाही.

आणि तरीही गेल्या हिवाळ्यात मी स्वतः तेच वाक्य मनात म्हटले. माझी मुलगी 14 वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, अशी आमची बरीच वर्षे चाललेली व्यवस्था आहे. शुक्रवारी संध्याकाळी ती खाली बाईंकडे चित्रपट पाहायला जाऊ लागली. त्या दोघी ब्रेत्सेल खात सोफ्यावर बसतात आणि आवडलेला संवाद थांबवून थांबवून पुन्हा म्हणतात. एका रात्री ती वर आली आणि स्वच्छ हिंदीत मला म्हणाली, "आपने खाना खाया?" कौतुक वाटायला हवे होते. मला मात्र आधी राग आला, मग हेवा. जी मुलगी 14 वर्षांत मला "जेवलीस का?" असे आपणहून विचारत नाही, ती एका जर्मन बाईकडून शिकलेल्या हिंदीत मला 'आप' म्हणत होती. सरणावरचे लाकूड मला तेव्हा अगदी स्पष्ट दिसले, आणि ते ठेवणारा हात दादाचा नव्हता.

बाईंना मी हे सांगितले नाही, पण त्यांना काहीतरी उमगले असावे. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला एक मराठी शब्द शिकवायला सांगितले. मी 'चूल' दिला. मराठीतला हा दातांजवळचा 'च' हिंदीत नाही, हिंदीवाले 'चूल्हा' म्हणतात तो निराळा. परंतु जर्मनांच्या 'त्सेन'मध्ये आणि 'त्सुग'मध्ये नेमका तोच आहे. त्यांनी पहिल्याच प्रयत्नात तो कोल्हापूरच्या बाईसारखा म्हटला. मग मी तो, ती, ते सांगितले. तीन लिंगे त्यांना माहेरची वाटली, उलट हिंदीत दोनच कशी पुरतात हेच त्यांना कोडे होते. हिंदीतल्या 'हम'ला मराठीत दोन शब्द आहेत, समोरच्याला धरून 'आपण' आणि समोरच्याला वगळून 'आम्ही', हे ऐकल्यावर त्यांनी पेन उचलले, रेघ मारली, दोन्ही शब्द टांगले आणि विचारले, "महाराष्ट्राबद्दल बोलताना तुम्ही कोणता वापरता?" मी म्हटले, कोणाशी बोलते त्यावर. त्यांनी तेही लिहून घेतले.

त्याच रविवारी दादाचा फोन आला. वाद पुन्हा तिथेच गेला. समिती, शाळा, सिनेमा, सरण. बोलता बोलता तो म्हणाला, "आमच्याकडे काय चाललंय ते तुला तिथं बसून काय कळणार?" लहानपणापासून त्याच्या तोंडी 'आपल्याकडे' होते, रंकाळ्याला, शाळेला, गावाला, सगळ्याला तो 'आपल्याकडचे' म्हणत आला होता. मी त्याला टोकणार होते. पण त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत मी स्वतः दोनदा 'आमच्याकडे जर्मनीत' असे म्हटले होते, आणि त्याने ते ऐकून घेतले होते.