मामांचं मिथाइलेशन

परवा भाचीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत, मुलाकडच्या एका गृहस्थांनी आपल्या वाटीतलं आमसूल काढून माझ्या गालाला चोळलं. ताई म्हणते, मनावर घेऊ नकोस, मायेनं केलं त्यांनी. माया! दाढी करताना मला अजून आमटीचा वास येतो.

झालं होतं असं, की पायाला मुंग्या यायला लागल्या म्हणून रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह तळाला. वरण-भात-तुपावर वाढलेल्या घरात यात नवल काही नाही. डॉक्टरांनी मान वर न करता मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-ट्वेल्व्हचंच एक रूप, लिहून दिलं. गोळी दीड हजार मायक्रोग्रॅमची, आणि माणसाला दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. विचारलं तर म्हणाले, "अंगी लागतं त्यातलं एखादा टक्का. बाकीचं जातं." बरं, जाऊ दे.

पण माझा सॅन होजेचा पुतण्या असं काही जाऊ देणाऱ्यातला नाही. दिवाळीत आला तेव्हा त्याने मला एका नळीत थुंकायला लावलं आणि जनुकं तपासायला ती थुंकी घेऊन तो गेला. मग एका रात्री त्याचा फोन. आवाज असा, की मी आधी भिंतीला टेकून बसलो.

"काका, रिपोर्ट आला. एमटीएचएफआर. सी-सिक्स-सेव्हन-सेव्हन-टी."

"म्हणजे किती दिवस?"

"तसं नाही काका. तुमचं मिथाइलेशन नीट होत नाहीये."

मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. फोलेट या दुसऱ्या एका बी जीवनसत्त्वाकडचं हे लचांड बी-ट्वेल्व्ह घेतं, ते होमोसिस्टीन नावाच्या रसायनाला देतं, की त्याचं झालं मिथिओनिन नावाचं अंगाला लागणारं दुसरं रसायन. थोडक्यात इकडची टोपी तिकडे. एमटीएचएफआर नावाच्या जनुकात फरक असल्याने माझ्या अंगातला टोप्या शिवणारा कामगार जन्मापासून ढिला आहे आणि इतकी वर्षं मला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा पुतण्याने तयार टोप्याच पाठवल्या. मिथाइलफोलेट, पाच मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची गरज तीनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास. हिशेब तुम्ही करा, मला तेव्हा कोणी करून दाखवला नाही.

पहिल्यांदा वाटलं, वा! सकाळी आंघोळीआधीच माळा आवरून झाला. मग रात्रीही आवरावंसं वाटू लागलं. पहाटे तीनला मी स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती पुसतोय आणि खाली बायको शिडीसारखी ताठ उभी, हे दृश्य आमच्या घरात नेहमीचं झालं. छातीत धडधड. दूधवाल्याशी सायीवरून भांडण, मग दूधवाल्याची बाजू घेतली म्हणून शेजाऱ्याशी. आणि या वयात हनुवटीवर तारुण्यपीटिका! डॉक्टर म्हणाले, "बी-ट्वेल्व्हने येतात कधीकधी." झोपेचं विचारलं तर म्हणाले, "चहा कमी करा." कागदावर नवीन काही लिहिलं नाही, फी मात्र नव्याने घेतली.

झोप नाही म्हटल्यावर माणूस वाचतो. या फोलेटचा शोध सुरू झाला तो आपल्या मुंबईत. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली इथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का आटतं हे त्या परळच्या हाफकिन संस्थेत बसून शोधत होत्या. औषध सापडलं ते मार्माइटमध्ये, म्हणजे बिअर करून उरलेल्या यीस्टच्या काळ्या, खारट लगद्यात. १९३१ साली त्यांनी ते छापलं. आमच्या परळात सापडलेली चीज आता सॅन होजेहून डॉलर मोजून येते, आणि वर कस्टमवाला बाटली उघडून वास घेतो. तिकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं गरोदर बायका आणि त्यांची मुलं तपासून दाखवलं, की आईचं फोलेट जास्त आणि बी-ट्वेल्व्ह कमी असलं तर ते मुलाला पुढे महागात पडतं. २००८ सालची गोष्ट. म्हणजे फोलेट नुसतं ओतून भागत नाही हे पुण्यात ठाऊक होतं. फक्त आमच्या पुतण्याला नव्हतं, कारण त्याला ते पुण्यात जन्मूनही इंग्रजी व्हिडिओतूनच कळायला हवं होतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "उद्या मुलाकडची माणसं आहेत. तुम्ही मामा आहात. कोणाशी भांडू नका." हे तिने पुतण्यालाही कळवलं. त्याचा लगेच निरोप: "काका ओव्हरमिथाइलेट झालेत. शंभर मिलिग्रॅम नायसिन द्या, म्हणजे बी-थ्री, जास्तीचं मिथाइल ते खेचून घेतं." शरीराला नायसिनचा निचरा करायला मिथाइल खर्ची घालावं लागतं, हे खरं आहे. पण नायसिनने आधी कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि माणूस आगीतून काढल्यासारखा लाल होतो, हेही तितकंच खरं. ते त्याने दुसऱ्या दिवशी रात्री कळवलं, पुढे एक हसरा चेहरा लावून.

डोंबिवलीचा हॉल. मुलाकडच्यांना बुफे चालत नाही म्हणून टेबलाची पंगत. मी उपाशीपोटी गोळी घेतलेली. मीठ, लिंबू, कोशिंबीर वाढून झाली आणि कानाच्या पाळ्या तापल्या. भात येईपर्यंत मान, गाल, हात, सगळं लालबुंद, आणि खाज अशी की सदरा फाडावासा वाटावा.

माझ्या डाव्या हाताला मुलाचे आतोबा. देवरूखचे, ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे चित्र तपासावं तसं पाहिलं.

"पित्त."

"नाही हो, ते नायसिन..."

"कोणाचंही असो. उठलंय पित्तच." आणि पुढच्या क्षणी त्यांनी वाटीत बोटं घालून आमसूल काढलं, निथळून घेतलं, आणि माझा गाल धरला. "हलू नका मामासाहेब. नशीब, आमटी आमसुलाची आहे. चिंचेची असती तर तुमचं काही खरं नव्हतं."

"अहो, हे औषधाने..."

"औषधानेच पित्त होतं. वाढपी! इकडे आमसुलं आणा. आमटी नको, नुसती आमसुलं!"

वाढप्याने बिचाऱ्याने पळीने तळ ढवळून चार आमसुलं आणली. दोन गालांना, दोन मनगटांना. समोरच्या बायकांनी जेवणं थांबवली. एकीने दुसरीला विचारलं, "घेतात का हे?" दुसरी म्हणाली, "सकाळीच?" नायसिनने अंगात जे रसायन सुटून ही लाली येते, ते प्रोस्टाग्लँडिन; मी तो शब्द उच्चारला. त्याने बाजू आणखी पडली.

"घोंगडं आहे का कोणाकडे?" आतोबांनी हॉलला विचारलं. साखरपुड्याला घोंगडं कोण आणतं? म्हणून त्यांनी रिकाम्या खुर्चीचं सॅटिनचं कव्हर, मागच्या सोनेरी 'बो'सकट, उपसून माझ्या खांद्यावर टाकलं. मग त्यांना दारातली रांगोळी आठवली. रांगोळीखाली गेरू असतो. एका पोराला पाठवून त्यांनी गेरूची वाटी मागवली, ब्रश नाही म्हणून हळहळले, आणि बोटानेच माझ्या कपाळापासून मानेपर्यंत असा एकसारखा हात दिला की कुठे थेंब ओघळला नाही. त्यात मास्तरांची कला दिसली, हे मान्य करावंच लागेल.

तेवढ्यात फोटोग्राफर आला. "मामा, इकडे बघा."

तासाभरात लाली उतरली. नायसिनची ती आपोआप उतरतेच, काही करा किंवा करू नका. पण यश गेलं आमसुलाला. आतोबा टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होते, "बघा, बसलं की नाही?" आणि मी धुतलेल्या तोंडाने मागे उभा, पुरावा म्हणून.

राग मला आतोबांचा नाही. म्हणजे आहेच, पण तो दुसरा. त्यांनी निदान फुकट केलं. जनुकातला हा फरक जगात कोट्यवधी लोकांत आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्याने काहीही होत नाही. रक्ताच्या गुठळ्यांचं किंवा वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण शोधताना ही एमटीएचएफआरची चाचणी मागवू नका, असं अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संघटनेने डॉक्टरांना २०१३ सालीच सांगितलंय. तरी नळ्या विकल्या जातात, थुंकणारे थुंकतात, मग एक बाटली, तिचा त्रास निस्तरायला दुसरी, आणि प्रत्येक बाटलीवर हिरव्या पानाचं चित्र. माझी साधी लाल गोळी मला पुरत होती. मुंग्या तिनेच गेल्या होत्या.

पुतण्याचा कालच फोन आला. म्हणतो, नायसिन अर्धं करा आणि जोडीला बी-सिक्स घ्या. मी फोन बायकोकडे दिला. ती त्याच्याशी पंख्याच्या पात्यांबद्दल बरंच बोलली.

देवरूखहून किलोभर आमसुलं आली आहेत. लग्न मार्गशीर्षात. आतोबांनी ताईला निरोप पाठवलाय: मामांचं पान माझ्या शेजारी मांडा, आणि हॉलवाल्याला आधीच सांगून ठेवा, आमटी चिंचेची करू नका.