आक्षीला पक्षी कसे उडवावेत

अलिबागजवळचा आक्षीचा किनारा हिवाळ्यात पक्ष्यांनी भरलेला असतो. तो रिकामा करणं एकट्यादुकट्याचं काम नाही; तेव्हा चार मित्र, दोन गाड्या आणि ६०० मिलिमीटरच्या निदान दोन लेन्स जमवा. जॅकेट जंगली पानांच्या छापाचंच हवं. उघड्या करड्या वाळूवरून एक हिरवं झुडूप चालत आलं तर पक्ष्यांना कसलाही संशय येत नाही, असं ते विकणारा सांगतो.

निघण्याआधी हवामान बघा, मिसळ कुठे चांगली मिळते ते बघा. भरती-ओहोटी मात्र बघू नका. या पट्ट्यातली म्हातारी माणसं सांगतात की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साधारण त्या सुमाराला भरती आणि त्याआधी सहाएक तास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पण सेकंदाला वीस फोटो काढणारं यंत्र गळ्यात असताना पंचांग कोण उघडतं? तुम्ही पौर्णिमेला उजाडतानाच हजर व्हा. समुद्र पार लांब गेलेला, पक्षी त्याच्या काठाला, प्रत्येकी एक ठिपका.

खरं तर इथे काहीच करायचं नसतं. वाळूत पालथं पडून राहायचं. पाणी चढू लागलं की तेच पक्ष्यांना ढकलत तुमच्याकडे आणतं, आणि तुम्ही हलला नाहीत तर चिखल्या नावाचा छोटा पक्षी नाकासमोर येऊन किडे वेचतो. पण यात तीन-चार तास जातात, आणि थाळी तर एक वाजताची सांगितलेली असते. म्हणून चाला. फळी धरून, थेट थव्यावर. थवा उठला की बटण दाबून धरा. बसला की पुन्हा चाला. उडतानाचा फोटो मनासारखा येत नसेल तर एका मित्राला पलीकडच्या बाजूने पळवा. (किनाऱ्यावरची कुत्री हे काम फुकट करतात, पण फोटोच्या बाहेर राहायचं त्यांना समजत नाही.)

कुणीतरी सांगेलच की हे पक्षी चिखल उघडा असतो तेवढाच वेळ नीट खाऊ शकतात. त्यातले काही उन्हाळ्याच्या तोंडाला पार लडाख-तिबेटकडे परततात, त्यासाठी अंगावर चरबी साठवावी लागते, आणि प्रत्येक नाहक उड्डाणात ती खर्च होते. ऐकून घ्या, मान डोलवा. परत जायचं तर तुम्हालाही आहे, वाशीपर्यंत.

ओळखण्याच्या फंदात पडू नका. तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे सीगल, आपल्याकडे ऐन थंडीत असतो तेव्हा त्याचं डोकं चक्क पांढरं असतं, डोळ्यामागे एक काजळी ठिपका तेवढा. डोकं पुरतं तपकिरी होतं तेव्हा त्याची निघायची वेळ झालेली असते. अशा पक्ष्याचा भरवसा काय धरायचा? चिखल्यांचं तर विचारूच नका, हिवाळ्यात सगळे एकाच धोब्याकडून आल्यासारखे मळकट. ग्रुपवर फोटो टाका, खाली ‘आयडी प्लीज’ लिहा. दोघे जाणकार भांडतील, तिसरा म्हणेल की पांढरा रंग जळालाय, म्हणजे जादा उजेडात पिसांचे तपशीलच उडालेत. तो जळालेलाच असतो, कारण थाळीनंतर भर दुपारी काढलेले फोटो तेच.

एवढंही जमत नसेल तर गेटवेहून मांडव्याची बोट पकडा आणि कुरवांना गाठ्या फेका. हजारो किलोमीटरवरून आलेल्या पाहुण्याला बेसन खाऊ घालण्याचं पुण्य लागेल, फोटोही अगदी जवळून येईल.

राहता राहिली जागा. लांब लाल चोचीचा ऑयस्टरकॅचर वगैरे मिळाला असेल तर नकाशावरची खूण, वेळ, कुठल्या सुरूच्या झाडाजवळून उजवीकडे, सगळं सविस्तर लिहा. सोबत ‘निसर्ग जपा’ हवंच. पुढच्या रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळणार नाही, तेव्हा घरून चारलाच निघा.