अंतराळपट लिहिताय? मग आधी विज्ञानाला आवरा

सर्वप्रथम एक विज्ञान सल्लागार नेमा. खरा, डॉक्टरेट केलेला. प्रसिद्धीच्या मुलाखतीत त्याला शेजारी बसवा, श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरात नाव द्या. फक्त पटकथा दाखवू नका. दाखवलीत तर तो म्हणणार, निर्वात पोकळीत आवाज जात नाही. नसेल जात, पण स्फोट झाल्यावर थिएटर हादरायला नको?

लघुग्रहांच्या पट्ट्यातून यान नागमोडी पळवा. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये तिथून सुखरूप पार झालं, कारण दोन लघुग्रहांत सरासरी लाखो किलोमीटरचं अंतर असतं. इतक्या मोकळ्या जागेत नायकानं कौशल्य दाखवायचं कुठे?

मंगळावरून बोलणं मात्र फोनसारखंच होऊ द्या. खरं तर संदेश एका बाजूनं पोचायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात. नायक म्हणणार, ‘चुकलो, माफ कर’, आणि बायकोचं उत्तर यायला पाऊण तास. तोवर तो कुठलासा व्हॉल्व्ह दुरुस्त करत बसणार, ती काय म्हणेल याचा विचार करत. (यात अख्खा प्रसंग दडलाय असं वाटलं तर स्वतःला सावरा आणि आणखी एक स्फोट घाला.)

खरी पंचाईत अंतराळवीरांची आहे. ही माणसं ऐन संकटात घाबरतच नाहीत हो! १९६५ मध्ये अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर असताना त्यांचा सूट इतका फुगला की परत आत शिरता येईना. त्यांनी काय केलं? सूटमधली हवा थोडी थोडी सोडली आणि आले आत. २०१३ मध्ये लुका पारमितानो यांच्या हेल्मेटमध्ये पाणी भरलं, डोळ्यांवर, नाकावर चढलं, तर ते सुरक्षा दोराच्या आधारानं चाचपडत माघारी आले. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानावर तर जीव वाचवायचा प्रश्न हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे गोल भोकाला कसे जोडायचे इथं येऊन ठेपला होता. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी! यावर पार्श्वसंगीत काय वाजवणार, कपाळ?

म्हणून तुमच्या नायकानं ओरडलं पाहिजे, पॅनेलवर मूठ आपटली पाहिजे, नियंत्रण कक्षाचा आदेश धुडकावला पाहिजे. असला माणूस निवडीच्या पहिल्याच फेरीत घरी जातो, पण ते प्रेक्षकांना सांगतंय कोण?

अवास्तवतेचा आरोप येऊ नये म्हणून थोडं ज्ञानही पेरा. एका भौतिकशास्त्रज्ञानं दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला कृष्णविवर म्हणजे काय ते समजावून सांगावं आणि दुसऱ्यानं डोळे विस्फारून ‘म्हणजे प्रकाशसुद्धा सुटत नाही?’ असं विचारावं. मंगळावर वादळानं यान उलथवा. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही, पण पंखे भाड्यानं आणलेत ना?

उलटी मोजणी तेवढी बिनधास्त ठेवा. ती १९२९ च्या एका जर्मन मूकपटात निव्वळ उत्कंठेसाठी घातली होती, खरे रॉकेटवाले नंतर मोजायला लागले. सल्लागार कुरकुरला तर हे त्याला ऐकवा.