शित्झू फ्लॅटसाठीच जन्माला आला म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. तोच घणसोलीला माझ्या मावसबहिणीकडेही पोचला आणि लगेच तिचा फोन: "ताई, तुझ्याकडे आहेच. मी पण घेऊ का?"

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. वन बीएचकेला शित्झूसारखा कुत्रा नाही. केस गळत नाहीत, म्हणून ॲलर्जी होत नाही. फिरवावं लागत नाही. भुंकत नाही. घरातच असतो, त्यामुळे लशींचा खर्च नाही. लहान मुलांना जिवंत टेडी मिळतो. आणि पिल्लू ४० दिवसांचंच आणा, लळा लवकर लागतो.

आमची शित्झू, बुंदी, सहा वर्षांची आहे आणि माझा तिच्यावर जीव आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी तिला वैतागले आहे. (वैतागते, पण फक्त जूनमध्ये.)

केसांचं अर्धंच खरं. लॅब्रेडॉरच्या घरासारखे फरशीवर पुंजके दिसत नाहीत. पण शित्झूच्या केसांचे दोन थर असतात. गळलेला केस खाली पडायचं सोडून वरच्या लांब केसांत अडकतो आणि गुंता होतो. वरचे केस आपल्या केसांसारखे वाढतच राहतात. झाडू वाचतो, कंगवा मागे लागतो: रोज १५-२० मिनिटं, शिवाय महिन्या-दीड महिन्याने ग्रूमर, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणारा. पहिल्या पावसाळ्यात मी आठ दिवस चालढकल केली आणि नवव्या दिवशी, आंघोळीत सुटेल म्हणून, तिला न विंचरताच नळाखाली धरलं. गुंता भिजला की आणखी आवळतो, हे तेव्हा कळलं. कानांमागे, काखेत नुसत्या जटा. ग्रूमरने सगळं मशीनने उतरवलं आणि बुंदी तीन दिवस सोफ्याखालून बाहेर आली नाही.

आणि ॲलर्जी केसांची नसतेच. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. ती प्रत्येक जातीत असतात. घरात कुणाला दमा असेल तर आधी कुत्रा असलेल्या घरी दोन-चारदा तासभर बसून बघावं आणि डॉक्टरांशी बोलावं.

"फिरवावं लागत नाही" हे वाचून मला हसू आलं. लॅब्रेडॉरएवढं पळवावं लागत नाही, कबूल. पण दिवसातून दोन फेऱ्या लागतातच, नाहीतर हे पाच-सहा किलोंचं गाठोडं बघता बघता आठ किलोंचं होतं. शिवाय शी-शूची शिस्त शिकायला ही जात वेळ घेते. पट्टा गळ्याला नको, छातीवरून जाणारा हार्नेस हवा. चपट्या तोंडाच्या कुत्र्याच्या गळ्यावर ताण आला की श्वासालाही त्रास आणि डोळ्यांनाही.

ज्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, ते म्हणजे आपला उन्हाळा. ही जात तिबेट-चीनमधली, राजवाड्यात वाढलेली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तोंडातला ओलावा उडतो आणि शरीर थंड होतं. शित्झूचं नाक आखूड, नाकपुड्या अरुंद, म्हणजे मुळात हवा कमी. त्यात ठाण्या-नवी मुंबईची दमट हवा. ओलावा उडणार कुठे? कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. आम्ही मार्च ते जून सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतरच उतरतो. दुपारी वीज गेली तर घरी कुणीतरी असावंच लागतं: जीभ लालभडक झाली, लाळ घट्ट आली, पाय लडखडले, तर अंगावर साधं गार पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि थेट डॉक्टरकडे. कुलूप लावून सीएसएमटीची लोकल पकडणाऱ्या घरात दुपारी दोन वाजता हे कोण करणार? फ्लॅटचे स्क्वेअर फूट मोजण्याआधी मी हा प्रश्न विचारेन.

भुंकण्याबद्दल एवढंच: लिफ्टचं दार वाजलं की बुंदी चौथ्या मजल्यावरच्यांनाही कळवते. आम्ही दुसऱ्यावर राहतो.

लशींचा मुद्दा मात्र धोकादायक आहे. कुत्रा घरात असतो, पण आपल्या चपला बाहेरून येतात आणि पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा, विषाणू जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) उंदरांच्या मुतातून पसरतो. पावसाळ्यात पार्किंगमध्ये साचलेल्या पाण्यातून पाय ओले करत आलेला कुत्रा पंजे चाटतोच. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही, ना कुत्रा ना माणूस. पहिली रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. यात काटकसर नाही.

टेडीचं म्हणाल तर शित्झूचे डोळे मोठे, बाहेर आलेले आणि खोबणी उथळ. मुलाचं नख लागून बुबुळावर जखम होते. मानगूट आवळली किंवा डोक्याला जोराचा मार बसला तर डोळा खोबणीबाहेरही येऊ शकतो. मावसबहिणीचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि प्रेमाने गळ्यात पडतो. त्या दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, म्हणजे पुन्हा एक मोठं माणूस हवं.

राहिलं ४० दिवसांचं पिल्लू. कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. किती जोरात चावायचं नाही, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं. ४० व्या दिवशी उचललंत तर तो धडा तुमच्या बोटांवर होतो. कुणी असं पिल्लू दाखवलं तर मी तिथून निघून येईन.

बहिणीला मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. मे महिन्यात आम्ही आठवडाभर कोकणात जातो, तेव्हा बुंदीला तुझ्याकडे ठेव, एवढंच सुचवलं. कंगवा, हार्नेस, डॉक्टरांचा नंबर मी देईन. दुपारी घरी कोण थांबणार हे तिला ठरवायचंय. ती म्हणाली, "यांना विचारते." अजून विचारतेच आहे.